शिंगराचा विश्वास



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने पगार, बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आज मी घोड्यावर बोलणार आहे. आणि तेही शिकून तयार झालेल्या घोड्यावर नव्हे, तर ज्याच्या पाठीवर अजून खोगीर चढलेले नाही अशा शिंगरावर. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे गावात मोटारींना मज्जाव आहे, अनेक घरांची चूल घोड्याच्या पाठीवर पेटते. अशा धंद्यातल्या लोकांत वावरताना एक गोष्ट मला पटली. गिऱ्हाइकाचा घोडेवाल्यावर भरवसा असावा लागतो हे खरेच; पण त्याच्याही आधी घोड्याचा घोडेवाल्यावर भरवसा असावा लागतो. तो नसेल तर बाकीचा सारा भरवसा वाळूवर उभा आहे.

कोवळे जनावर हाताखाली घेण्याच्या कामाला आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. एक ‘वठणीवर आणणे’ आणि दुसरा ‘चुचकारणे’. पहिल्यात चाबूक आहे, दुसऱ्यात जीभ आहे. पहिल्याने काम लवकर होते असा सर्वत्र समज आहे. तो समज तपासून पाहावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू.

प्रथम हे जनावर कोण आहे ते पाहू. घोडा शिकार करणारा प्राणी नव्हे, शिकार होणारा प्राणी आहे. त्याच्या पूर्वजांत जे पळाले ते जगले. विचार करीत उभे राहिले ते वाघा-लांडग्यांच्या पोटात गेले. म्हणून आधी पळायचे आणि मग पाहायचे, हा त्याच्या रक्तातला नियम आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे भोवतालचा जवळजवळ सगळा गोल त्याला दिसतो. दिसत नाही ते दोनच ठिकाणी : कपाळाच्या अगदी पुढे आणि शेपटीच्या मागे. आणि आपण काय करतो? मोठ्या प्रेमाने जाऊन एकदम कपाळावर हात ठेवतो, नाही तर मागून येऊन पुठ्ठ्यावर थाप मारतो. म्हणजे ज्या दोन जागी तो आंधळा, नेमक्या त्याच जागी आपण प्रेम दाखवतो. मग तो बुजला की म्हणतो, जनावर द्वाड आहे!

लाथ ही घोड्याची पहिली भाषा नव्हे, शेवटची आहे. तिच्या आधी तो मान उंच करतो, अंग आखडतो, कान मागे पाडतो, शेपटी घट्ट दाबतो, डोळ्याचे पांढरे दाखवतो. मंडळी, संपाचे असेच असते. अर्ज जातात, शिष्टमंडळे जातात, नोटीस जाते. ते कोणी वाचत नाही, आणि भोंगा वाजूनही माणसे आत जात नाहीत तेव्हा वरिष्ठ म्हणतात, हे अचानक कसे झाले? अचानक काही झालेले नसते. वाचणाऱ्याने वाचलेले नसते.

आता एक शिंगरू डोळ्यांपुढे आणा. सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्तजयंतीच्या यात्रेत मोठा घोडेबाजार भरतो. समजा, तिथून दीड-दोन वर्षांचे एक शिंगरू कोणी घोडेवाल्याने घेतले आणि टेंपोत घालून घरी आणले. घोडा कळपात जगणारा. आजूबाजूला आपले कोणी जागे आहे, या खात्रीवरच तो आडवा होऊन झोपतो. या शिंगराचा कळप गेला, ओळखीचा वास गेला, पायाखालची जमीनही गेली. ते रात्रभर दावणीला उभे राहून खिंकाळते. अशा वेळी दुसऱ्याच दिवशी त्याच्या पाठीवर खोगीर आवळणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

पहिला आठवडा त्याच्याकडून काही मागू नये. चारापाणी एकाच माणसाने, ठरल्या वेळी द्यावे. जमल्यास शेजारी एखादी शांत, वयस्क घोडी बांधावी. ती घाबरत नाही हे पाहून शिंगरू निम्मे शिकते. नंतर जवळ जाताना खांद्याच्या बाजूने, तोंडाने हलका आवाज करीत जावे. त्याने मान वर केली, कान ताणले की तिथेच थांबावे. त्याने श्वास सोडला, मान उतरवली, जबडा चघळला की आपण एक पाऊल मागे यावे. नवख्याला वाटते, मागे आलो म्हणजे हरलो. पण शिंगराला त्यातून कळते की, या माणसाला माझे म्हणणे समजते. दोरी ओढल्यावर ते एक पाऊल पुढे आले की त्याच क्षणी दोरी सैल सोडावी. सैल दोरी ही त्याची मजुरी आहे, आणि ही मजुरी महिन्याच्या सात तारखेला देऊन चालत नाही. कामाबरोबर हातोहात द्यावी लागते. उशीर झाला तर ती कशाची हे त्याला कळतच नाही.

घोडे एकमेकांना मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे, दातांनी खाजवतात. माणसाने तिथे खाजवले तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेले आहे. म्हणून कपाळ सोडून तिथून सुरुवात करावी. मग खरारा, मग पाय उचलणे, मग पाठीवर नुसते गोणपाट, मग खोगीर. तंग एकदम न आवळता एकेका भोकाने. दहा-पंधरा मिनिटांचा धडा पुरे. डावीकडून शिकवलेले उजवीकडून पुन्हा शिकवावे. आणि जनावर शांत असतानाच धडा संपवावा, भांडणावर संपवू नये.

आता माणसाकडे वळू. स्वीडनमधील संशोधकांचा एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. माणसांना घोडा धरून ठरावीक अंतर चार वेळा चालायला सांगितले. चौथ्या खेपेला घोड्यासमोर छत्री उघडणार आहोत, असे त्यांना बजावले. छत्री उघडलीच नाही. पण त्या खेपेला माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीची काय वार्ता? त्याला दोरी धरणाऱ्याची भीती समजली. त्याच्याही आधी, १९०४ च्या सुमारास, बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिते सोडवतो म्हणून गाजला होता. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने १९०७ साली दाखवून दिले की, विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल तर घोड्यालाही येत नाही. तो माणसाच्या मानेची बारीकशी हालचाल पाहून थांबत होता. लोक म्हणाले, घोड्याला गणित येत नाही. मी म्हणतो, त्याला माणूस वाचता येतो, आणि हे गणितापेक्षा अवघड आहे. अशा जनावरापुढे रागाने थरथरत्या हाताने जाऊन तोंडाने ‘बेटा, बेटा’ म्हणण्यात काय अर्थ? झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने सुमारे २४०० वर्षांपूर्वी अश्वविद्येवर पुस्तक लिहिले. त्यातही घोड्याशी रागाच्या भरात वागू नये, हाच उपदेश आहे. आणि तो काही हळवा माणूस नव्हता. लढाईसाठी घोडे तयार करणारा होता.

यावर जुने जाणते विचारतील, धाकाशिवाय जनावर चालते काय? प्रश्न रास्त आहे. मऊपणा म्हणजे ढिलेपणा नव्हे. शिंगरू चावायला आले तर ठाम नकार हवाच, आणि तो रोज तोच हवा. आज हसून सोडले आणि उद्या मारले, तर त्याला नियम कळत नाही, फक्त तुमची लहर कळते. पण धाकाचा हिशेब नीट करा. चाबकाला भिऊन चालणारा घोडा चाबकाहून मोठी भीती समोर येईपर्यंतच तुमचा असतो. अरुंद वाटेवर, कडेला दरी, पाठीवर कोणाचे तरी सहा वर्षांचे मूल, आणि अचानक वाऱ्याने प्लास्टिकची पिशवी उडाली. त्या क्षणी घोडा कोठे पाहतो? धाकाने शिकलेला वाट सुटेल तिकडे पळतो. विश्वासाने शिकलेलाही दचकतो, पण त्याचा एक कान आपल्या माणसाकडे वळतो. त्या एका कानावर मुलाचा जीव अवलंबून असतो.

मग हे सगळ्यांना कळूनही घोडा घाईने का तयार केला जातो? माणूस दुष्ट आहे म्हणून नव्हे. माणसाला घाई आहे म्हणून. शिंगरासाठी कर्ज काढलेले असते, हप्ता थांबत नाही आणि चारा फुकट येत नाही. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत पुरी होत नाही, तरी दोन-अडीच वर्षांचे जनावर फेऱ्यांना लावले जाते. विश्वासाला वेळ लागतो, आणि गरिबाजवळ नेमका वेळच नसतो.

आपल्या देशात प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० साली झाला. त्याखाली १९६५ साली झालेल्या नियमांनी गाडीला जुंपलेल्या आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांना दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा अधिक राबवण्यास मनाई केली. चांगली गोष्ट आहे. तिची अंमलबजावणी झाली पाहिजे. पण त्या जनावराचा लगाम धरून अनवाणी धावणाऱ्या पोराचे तास कोण मोजतो? दोरीच्या एका टोकाचे तास मोजून भागणार नाही. थकलेला, चिडलेला, उद्याच्या हप्त्याने धास्तावलेला माणूस दोरी धरतो तेव्हा त्याची धास्ती दोरीतून उतरतेच. तो छत्रीचा प्रयोग दुसरे काय सांगतो?

म्हणून घोडेवाल्यांच्या संघटनांपुढे माझे तीन साधे मुद्दे आहेत. चार वर्षांखालील जनावर गिऱ्हाइकाखाली द्यायचे नाही, असा ठराव तळावरच्या सर्वांनी मिळून करावा. एकट्याने पाळला तर तो बुडतो, सर्वांनी पाळला तर कोणीच बुडत नाही. प्रत्येक फेरीमागे थोडी रक्कम बाजूला काढून शिकत्या शिंगराच्या चाऱ्याचा सामायिक निधी करावा. आणि पावसाळ्यात धंदा मंदावतो तेव्हा, ज्याच्या हाताला जनावर शांत राहते अशा जुन्या माणसाकडे पोरांना आणि शिंगरांना एकत्र शिकायला बसवावे, व त्याला त्याचे मानधन द्यावे. सरकारकडे मागण्या करायच्या त्या करूच. पण या तीन गोष्टींना कोणाच्या सहीची गरज नाही.

विश्वास ही मोठी गोष्ट लहान लहान पाळलेल्या शब्दांची बनते. ठरल्या वेळी चारा, ठरल्या जागी हात, ऐकले की सैल दोरी. शिंगराला आपले भाषण समजत नाही. त्याला आपले वागणे समजते. सभेत टाळ्या मिळवणाऱ्या आम्हा मंडळींनाही ही कसोटी लावून पाहावी, एवढे सांगतो आणि आपली रजा घेतो.