चार भिंती आणि बारा गुंठे



मास्तराला घर नसतें, बिऱ्हाड असतें, असें आमच्या पिढींत विनोदानें म्हणत. माझ्या बाबतींत तें अक्षरशः खरें होतें. चौतीस वर्षें मीं संगमेश्वर तालुक्यांतील खेड्यांत प्राथमिक शाळेंत शिकविलें. बदलीचा हुकूम आला कीं दोन पेट्या, एक कपाट, पुस्तकांचें गांठोडें आणि तुळशीची कुंडी घेऊन नव्या गांवीं जावयाचें, एवढाच आमचा संसार. २०१९ सालीं वयाचीं अठ्ठावन्न वर्षें पुरीं झालीं आणि मी सेवेंतून मुक्त झालों. निरोप समारंभाहून घरीं आल्यावर सौभाग्यवतींनीं विचारलें, "अहो, आतां बदली कोठें?" त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जें शिकलों, जें चुकलों, तें आज आपणांस सांगावयाचें आहे. माझें शिक्षण मॅट्रिक आणि वर अध्यापनाची पदविका, इतकेंच. तेव्हां हें कोण्या तज्ज्ञाचें व्याख्यान नव्हे. एका साध्या संसाराचा हिशेब आहे.

आमच्या कोंकणांत गांवचें घर म्हणजे केवळ निवारा नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हां किती तरी कामगार गांवीं परतले. ज्यांच्या डोक्यावर स्वतःचें छप्पर आणि शेतांत चार मण भात होतें, ते तगले. २०२० च्या मार्चांत टाळेबंदी लागली, तेव्हां तीच गोष्ट पुन्हां घडली. संकटाच्या वेळीं माणूस प्रथम घराची वाट धरतो. म्हणून पहिलें घर घेतांना तें किती मोठें आहे हें न पाहतां, तें आपणांस किती दिवस पोसूं शकेल हें पाहावें, असें माझें मत झालें.

देवरुखापासून कोसभर अंतरावर एक जुनें घर विकाऊ असल्याचें कळलें. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागील पडवी. पुढें खळें, बाजूला विहीर, आणि सभोंवतीं गडग्यानें बांधलेली बारा गुंठे जमीन. भिंती जांभ्याच्या. ह्या दगडाचा गुण असा कीं, खाणींत तो मऊ असतो, चिरा सहज कापतां येतो. आणि वारा-उन्हांत राहिला म्हणजे कठीण होतो. वर मंगलोरी कौलें. हीं कौलें करण्याचा पहिला कारखाना बासेल मिशननें मंगळूर येथें १८६५ सालीं काढला, आणि आज आपलें कोंकण त्यांच्याखालीं पावसाळा काढीत आलें आहे. घर आम्हांस फार आवडलें, आणि येथेंच माझी पहिली चूक झाली. आम्हीं तें दिवाळींत पाहिलें. दिवाळींत कोंकणांतील प्रत्येक विहीर भरलेली असते आणि प्रत्येक छप्पर कोरडें असतें! ज्याला घर घ्यावयाचें आहे त्यानें तें दोनदां पाहावें: एकदां वैशाखांत, विहिरीचा तळ पाहण्यासाठीं, आणि एकदां आषाढांत, भर पावसांत, माजघरांत उभें राहून वर पाहण्यासाठीं.

दुसरी चूक याहून मोठी होती. कागद वाचण्यापूर्वीं मीं पन्नास हजार रुपये इसार देऊन टाकला. नंतर कागद गोळा करूं लागलों. ग्रामपंचायतीच्या घरपत्रकावर विकणाराचें नांव होतें. पण घरपत्रक हें घरपट्टीसाठीं असतें, त्यानें मालकी ठरत नाहीं. सातबाऱ्यावर दोघा भावांचीं नांवें होतीं. त्यामागील फेरफार काढले, तेव्हां वडिलांच्या निधनानंतर केलेली वारस-नोंद मिळाली. तींतहि दोनच नांवें. सर्व सुरळीत दिसलें. पण शेजारचे एक वृद्ध गृहस्थ बोलतां बोलतां म्हणाले, "गुरुजी, ताईला विचारलंत काय? ती मुंबईस असते." म्हणजे तिसरें अपत्य होतें, आणि तिचें नांव नोंदींतून गाळलेलें होतें!

१९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें वडिलांच्या मागें मुलीला वारसा दिला, आणि २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत तिला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. मीं विकणारास विचारलें, तर उत्तर आलें कीं, "तिचें लग्न होऊन चाळीस वर्षें झालीं, तिला काय विचारावयाचें?" खरें सांगावयाचें तर माझ्याहि मनांत आलें कीं, सातबाऱ्यावर जें नांव नाहीं तें आपण कशाला उकरून काढावें? इसार गुंतला होता, घरावर मन बसलें होतें. त्या रात्रीं सौभाग्यवती एवढेंच म्हणाल्या, "उद्यां माझ्या भावांनीं माझें नांव असेंच गाळलें, तर तुम्ही काय म्हणाल?" मला उत्तर देतां येईना.

आम्ही मुंबईस गेलों. एका चाळींतील खोलींत त्या बाई भेटल्या. घर विकलें जात आहे हेंच त्यांना ठाऊक नव्हतें. पुष्कळ वेळ त्या गप्प बसल्या. मग विहिरीची चौकशी केली, मागील दारच्या फणसाची केली. पुढें टाळेबंदी आली, बोलणीं लांबलीं. अखेर भावांनाहि पटलें. किंमत साडेसात लाख ठरली होती. तिचे तीन सारखे वांटे झाले, आणि २०२१ च्या जानेवारींत तिघांच्या सह्यांनीं खरेदीखत नोंदलें गेलें. सही करून झाल्यावर ताई म्हणाल्या, "गुरुजी, मे महिन्यांत एक फणस माझ्यासाठीं ठेवा." तेव्हांपासून दरवर्षीं त्या येतात, चार दिवस राहतात आणि फणस घेऊन जातात. कायद्याच्या दृष्टीनें आमचा कागद निर्दोष झाला हें खरें. पण त्या घरांत आम्हांस शांत झोंप लागते, ती कागदामुळें नव्हे.

दोन गोष्टी आणखी ध्यानांत ठेवाव्या. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीवांचून पुरी होत नाहीं. नुसत्या मुद्रांकावरील सह्यांवर भरंवसा ठेवूं नये. आणि १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणें जो शेतकरी नाहीं त्याला परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. माझ्या वडिलांच्या गांवच्या सातबाऱ्यावर सामाईकांत माझें नांव होतें, म्हणून मी शेतकरी ठरलों. तें नांव मीं आयुष्यभर निरुपयोगी समजत होतों!

आतां पाण्याचें. पहिल्याच वर्षीं एप्रिलांत विहीर आटली आणि आम्ही विकतचें पाणी घेऊं लागलों. एके दुपारीं ओटीवर बसून मीं चौथींतल्या मुलाला घालावें तसें गणित मांडलें. एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होतें. आमच्या जिल्ह्यांत वर्षाला सरासरी तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. छपराचे पन्नास चौरस मीटर धरले, तर दीड लाख लिटर पाणी. पांचवा हिस्सा वायां गेला असें मानलें, तरी एक लाख वीस हजार. एवढें पाणी माझ्याच कौलांवरून वाहून जातें, आणि मी वैशाखांत पाणी विकत घेतों! आम्हीं पन्हळी बसविल्या आणि वीस हजार लिटरची टाकी बांधली. पहिल्या पावसाचें पाणी सोडून द्यावें, गाळणी स्वच्छ ठेवावी, आणि टाकी पावसाच्या शेवटच्या महिन्यांत भरून घट्ट झांकावी. विहीर आटल्यापासून मृगापर्यंत पंचाहत्तर दिवस धरले, तर रोज अडीचशेंहून अधिक लिटर येतात. दोन माणसांस तें पुरतें आणि चार रोपांच्या आळ्यांतहि पडतें.

जमिनीविषयीं बोलतांना प्रा. श्री. अ. दाभोळकर यांचें स्मरण केलें पाहिजे. गणिताचे हे प्राध्यापक. त्यांनीं १९६६ च्या सुमारास प्रयोग परिवार उभा केला, आणि पांच माणसांच्या कुटुंबाला नेटक्या अभ्यासानें केलेली दहा गुंठे जमीन पुरेशी होऊं शकते असें प्रतिपादन केलें. माझ्याजवळ बारा गुंठे. तेव्हां मला वाटलें, आपण तर श्रीमंत! पण त्या सिद्धांतांत रोजचे कष्ट आणि रोजचें निरीक्षण गृहीत धरलेलें आहे, हें मागाहून उमगलें. आमच्याकडे जुने माड, फणस, एक हापूस आणि दोन रातांबे होते. आम्हीं वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रांत निघालेल्या जातींचीं काजूचीं आठ कलमें लावलीं; माडांच्या सांवलींत हळद, आलें, सुरण, अळूं; पावसाळ्यांत मांडवावर पडवळ, दोडकीं, काकडी; थंडींत पावटा आणि कुळीथ. सांडपाण्यावर केळी.

खताच्या बाबतींत कोंकणाला दूर पाहावयास नको. आप्पासाहेब पटवर्धनांनीं १९४८ सालीं कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापिला आणि मैला, शेण, पालापाचोळा यांचें सोनखत करण्याचा मार्ग स्वतःच्या हातांनीं घालून दिला. आम्हींहि संडासास दोन खड्डे केले. एक भरला कीं तो बंद करून वर्ष-दीड वर्ष तसाच ठेवावयाचा व दुसरा वापरावयाचा. मग पहिल्यांत निर्गंध, मातीसारखें खत मिळतें. गोबरगॅसचा विचार मात्र गणितानेंच सोडावा लागला. एक घनमीटर गॅसला रोज सुमारें पंचवीस किलो शेण लागतें आणि एक गाय साधारण दहा किलो देते. म्हणजे अडीच गाई झाल्या. ह्या वयांत आमच्यानें अर्धी गाय सांभाळणेंहि कठीण!

आतां जमाखर्च प्रामाणिकपणें सांगतों. नारळ, कोकम, हळद आणि आठ महिने भाजी घरची. काजूचें पीक नुकतें हाताशीं येऊं लागलें आहे. तांदूळ, तेल, मीठ, डाळ, औषधें, वीज हीं सर्व विकत. मला निवृत्तिवेतन आहे. ज्याला तें नाहीं त्यानें माझें उदाहरण जसेंच्या तसें घेऊं नये. आणि वानरें! एका सकाळीं ओळीनें सारे पावटे त्यांनीं फस्त केले, तेव्हां सौभाग्यवतींच्या डोळ्यांत पाणी आलें. त्यावर उपाय मला सांपडला नाहीं. आतां आम्ही जमिनींत वाढणारीं पिकें अधिक लावतों, एवढेंच. घर घेतांना सर्व पुंजी किमतींत घालूं नये, हाहि त्यांतलाच धडा. वाशांना वाळवी लागलेली होती, आणि दुरुस्तीला किमतीच्या चौथाईएवढा खर्च आला.

शेवटचा प्रसंग सांगतों. २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यास तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलें. आम्हांस त्या घरांत येऊन चार महिनेहि झाले नव्हते. रात्रभर वारा घोंघावत होता. सकाळीं पाहतों तों पडवीवरचीं दोनशें कौलें खालीं, आणि पाऊस तोंडावर आलेला. गवंडी मिळेना, कौलें मिळेनात. मी ओटीवर कपाळाला हात लावून बसलों होतों. तेवढ्यांत ते शेजारचे वृद्ध गृहस्थ दोन पुतण्यांना घेऊन आले. कोणी आपल्या मांगरावरचीं जुनीं कौलें काढून आणलीं, कोणी रीपा आणल्या. दोन दिवसांत पडवी झांकली गेली. मीं पैशांची गोष्ट काढतांच ते म्हणाले, "गुरुजी, ही सावड आहे. आमच्या लावणीच्या वेळीं तुम्ही या." मी गेलों. चिखलांत उभा राहून आयुष्यांत प्रथमच भाताची रोपें लावलीं. माझी ओळ इतकी वांकडी झाली कीं, माझीच एक जुनी विद्यार्थिनी हंसूं लागली.

स्वावलंबन म्हणजे कोणाचीहि गरज न लागणें, अशी माझी समजूत होती. ती चूक होती. कर्जाशिवाय छप्पर असावें, टाकींत पाणी असावें, परसांत दोन भाज्या असाव्या. म्हणजे अडचण आली तर ती हातघाईची होत नाहीं, आणि दुसऱ्याच्या अडचणीला धांवून जाण्याइतकी उसंत आपणांस राहते. माझ्या बारा गुंठ्यांनीं मला एवढें दिलें.

आपणांपैकीं कोणी तरुण-तरुणी मुंबई-पुण्याच्या खोलींत बसून गांवच्या लहानशा घराचा विचार करीत असतील. त्यांना एवढेंच सांगणें कीं, घर लहान घ्या, पण विहीर वैशाखांत पाहा. कागद मागील पिढीपर्यंत वाचा, आणि कागदावर ज्या बहिणीचें नांव नाहीं तिचीहि चौकशी करा. हातांत थोडी शिल्लक ठेवा. आणि पहिलें झाड लावण्यापूर्वीं शेजाऱ्याची ओळख करून घ्या.

ह्या मेमध्येंहि ताई येणार आहेत. फणस झाडावर धरला आहे.