बुद्धमूर्तीचे कान



शाळेंत इतिहास शिकवीत असतांना एकदां मी वर्गांत बुद्धाचें चित्र दाखविलें. एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, बुद्धाचे कान एवढे लांब कां?" मीं म्हटलें, "ही मूर्तिकाराची लहर! खालीं बैस." तें उत्तर चुकीचें होतें, हें मला फार उशिरां कळलें.

सिद्धार्थ हा राजपुत्र. जड कुंडलांच्या भारानें त्याच्या कानांच्या पाळ्या लोंबल्या. पुढें त्यानें राज्याबरोबर कुंडलेंही टाकलीं. पाळ्या मात्र तशाच राहिल्या, असें परंपरा सांगते. म्हणजे ते रिकामे कान ही त्यागाची खूण होय. मूर्तींत असें पुष्कळ कांहीं बोलत असतें. मस्तकावरील उष्णीष हा उंचवटा व भुंवयांमधील ऊर्णा हीं महापुरुषाचीं लक्षणें. पुढें केलेला उघडा तळहात अभय देतो. उजव्या हाताचीं बोटें भूमीला टेकलेलीं असलीं, तर माराच्या आव्हानास उत्तर म्हणून बुद्धानें पृथ्वीला साक्षीस बोलाविलें, तो क्षण जाणावा.

आतां ही मूर्ति घडते कशी तें पाहूं. नेपाळांतील पाटण ऊर्फ ललितपुर येथें नेवार समाजांतील शाक्य घराणीं हें काम पिढ्यानपिढ्या करीत आलीं आहेत. मधमाशांच्या मेणांत राळ मिसळून प्रथम मेणाची मूर्ति करितात. तिच्यावर माती व शेण यांचा बारीक लेप, आणि वर भाताचें तूस घातलेल्या मातीचे जाड थर देतात. तें वाळलें कीं तापवून मेण काढून टाकितात व पोकळींत तांब्याचा रस ओततात. निवाल्यावर साचा फोडतात. एका साच्यांतून एकच मूर्ति. दुसरीसाठीं पुन्हां मेणापासून आरंभ! आपल्या दक्षिणेंतही ही विद्या होती. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लास' ग्रंथांत मेणाच्या वजनावरून धातु किती घ्यावा, हें सांगितलें आहे.

पाटणच्या या विद्येची कीर्ति फार जुनी. १२६० च्या सुमारास अरणिको नांवाचा तरुण कारागीर तिबेटांत गेला व तेथून कुब्लाईखानाच्या दरबारीं पोंचला. त्यानें उभारलेला बीजिंगचा श्वेतस्तूप १२७९ मध्यें पुरा झाला. तो आजही उभा आहे.

ओतीव मूर्तीवर छिनीनें दिवसचे दिवस नक्षी कोरतात. मग सोन्याचा मुलामा! पाऱ्यांत कालवलेलें सोनें मूर्तीस माखून ती तापवितात. पारा वाफ होऊन उडून जातो, सोनें तेवढें राहतें. परंतु ती वाफ विषारी असते. आपण मूर्तीच्या मुखावरील जें तेज पाहतों, त्यासाठीं कोणा कारागिराच्या शरीरानें हळूहळू किंमत मोजलेली असते. शेवटीं डोळे रंगवितात, पोटांत मंत्र लिहिलेले कागद ठेवितात आणि तळ पत्र्यानें बंद करितात. पाहणाऱ्यास तें कांहींच दिसत नाहीं.

यंत्रावरील मूर्ति स्वस्त मिळते, आणि ती घेण्यांत कांहीं पाप नाहीं. पण हातानें घडविलेल्या मूर्तीची किंमत ऐकून "एवढी कां?" असें म्हणण्यापूर्वीं त्या वाफेंत बसलेला माणूस आठवावा, एवढीच माझी विनंति.

आणि तो विद्यार्थी कोठें ऐकत असेल, तर त्यास एक सांगावयाचें आहे: बाळ, प्रश्न तुझा बरोबर होता, खालीं बसावयास हवें होतें तें मीं.