ढाल हेही शस्त्रच आहे



आइसलंडची राजधानी रेक्याविक येथे ११ आणि १२ ऑक्टोबर १९८६ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन आणि सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस मिखाईल गोर्बाचेव्ह यांची भेट झाली. समुद्रकाठच्या एका पांढऱ्या घरात दोन दिवस बोलणी चालली. जगातील अण्वस्त्रांची संख्या त्या वर्षी सत्तर हजारांच्या घरात होती. आणि ती सर्वच्या सर्व नष्ट करण्याची भाषा त्या मेजावर दोन्ही बाजूंनी उच्चारली गेली. हिरोशिमानंतर मनुष्यजात इतक्या जवळ कधीच आली नव्हती. तरीही बोलणी फिसकटली, आणि ती एका शब्दावर फिसकटली. तो शब्द होता 'प्रयोगशाळा'. शत्रूची क्षेपणास्त्रे अवकाशातूनच पाडण्याच्या अमेरिकी योजनेचे काम पुढील दहा वर्षे प्रयोगशाळेच्या चार भिंतींआड राहावे, हा गोर्बाचेव्ह यांचा आग्रह होता. ते बंधन रेगन यांना मान्य नव्हते.

सामान्य माणसाला याचे नवल वाटणे स्वाभाविक आहे. तलवारीवरून भांडण व्हावे हे समजते. ढालीवरून का व्हावे? ज्या ढालीने कोणाचा जीव जात नाही, तिच्यासाठी निःशस्त्रीकरणाची एवढी मोठी संधी का दवडली जावी? हा प्रश्न बाळबोध नाही. तो सोव्हिएत पंतप्रधानांनीही विचारला होता.

जून १९६७ मध्ये अमेरिकेतील ग्लासबरो या गावी अध्यक्ष जॉन्सन आणि पंतप्रधान कोसिगिन यांची गाठ पडली. मॉस्कोभोवती क्षेपणास्त्रे पाडणारी यंत्रणा उभी राहत होती. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्‌नमारा यांनी सांगितले की, या यंत्रणेमुळे अमेरिकेला आपली मारक शक्ती वाढवणे भाग पडेल. कोसिगिन संतापले. स्वतःचे रक्षण करणे नीतीला धरून आहे, हल्ला करणे अनीतीचे आहे, असे त्यांचे उत्तर होते. पुढे २३ मार्च १९८३ रोजी रेगन यांनी अवकाशातील ढालीची घोषणा केली, तेव्हा त्यांच्याही मुखी हाच नीतिविचार होता. सोळा वर्षांत वक्ता बदलला, पक्ष बदलला. युक्तिवाद तोच राहिला. म्हणून या प्रश्नाकडे केवळ 'आपला' आणि 'परका' गट या चष्म्यातून पाहून भागणार नाही. त्यामागील गणित समजून घेतले पाहिजे.

गणित सोपे आहे. ज्या राष्ट्रापाशी शंभर क्षेपणास्त्रे आहेत, त्याच्यासमोर शत्रूने पन्नास क्षेपणास्त्रे पाडू शकणारी ढाल उभी केली, तर ते राष्ट्र स्वस्थ बसत नाही. ते दोनशे बनवते. पाडणाऱ्या यंत्रापेक्षा फसवणारे यंत्र बहुधा स्वस्त पडते. याहून भयंकर भाग निराळाच आहे. अर्धवट ढाल पहिल्या तडाख्यापुढे निरुपयोगी असते. पण स्वतः आधी प्रहार करून शत्रूची बहुतेक अस्त्रे जमिनीवरच नष्ट केली, तर उरलेली चार-दोन अडवायला ती पुरेशी पडते. समोरच्याच्या मनात हा संशय एकदा शिरला की त्याचे बोट कळीवर अधिक घट्ट बसते. ढाल बांधणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असो, तिची सावली शत्रूच्या अंगणात तलवारीसारखीच पडते.

हे पुस्तकी तर्कट नव्हे. एकाच क्षेपणास्त्रावर अनेक अण्वस्त्रे बसवून ती निरनिराळ्या लक्ष्यांवर सोडण्याची युक्ती अमेरिकेने १९७० मध्ये प्रत्यक्षात आणली. मॉस्कोची ढाल भेदणे हे तिच्या समर्थनार्थ दिलेले एक प्रमुख कारण होते. थोड्याच वर्षांत सोव्हिएत संघानेही ती आत्मसात केली, आणि अण्वस्त्रांची संख्या भराभर वाढत गेली.

अनुभवाने दोन्ही महासत्तांना थोडे शहाणपण आले. २६ मे १९७२ रोजी मॉस्कोत निक्सन आणि ब्रेझनेव्ह यांनी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा करार केला. प्रत्येकाने फक्त दोन ठिकाणी, प्रत्येकी शंभर प्रतिक्षेपणास्त्रांपर्यंत ढाल ठेवावी, असे ठरले. १९७४ मध्ये दोनाचे एक ठिकाण झाले. अमेरिकेने नॉर्थ डाकोटात बांधलेले केंद्र १ ऑक्टोबर १९७५ रोजी पूर्णपणे सज्ज झाले, आणि दुसऱ्याच दिवशी तेथील प्रतिनिधिगृहाने ते बंद करण्याच्या बाजूने मत दिले! हा करार निर्मळपणे पाळला गेला असेही नाही. क्रास्नोयार्स्क येथील प्रचंड रडार हा कराराचा भंग होता, हे सोव्हिएत परराष्ट्रमंत्री शेव्हर्दनाद्झे यांनी १९८९ मध्ये जाहीरपणे मान्य केले. समाजवादाचे नाव घेणाऱ्या राज्यानेही वचन मोडले, हे समाजवाद्यांनीच आधी सांगितले पाहिजे.

परंतु करार उभा होता, तोवर त्याच्या आधाराने शस्त्रकपात शक्य झाली. रेक्याविकची बोलणी मोडल्यानंतर काही महिन्यांनी गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा प्रश्न ढालीच्या प्रश्नापासून वेगळा केला. ८ डिसेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये करार झाला आणि १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रे एकमेकांच्या निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत नष्ट झाली. ३१ जुलै १९९१ रोजी दूर पल्ल्याच्या अस्त्रांच्या कपातीचा करार झाला. सत्तर हजारांचा आकडा आज बारा हजारांच्या आसपास आला आहे, तो अशा करारांच्या आणि शीतयुद्धाच्या समाप्तीच्या पुण्याईने. ढालीने त्यातील एकही अस्त्र कमी केलेले नाही.

मग तो आधारच काढून घेतला गेला. १३ डिसेंबर २००१ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी १९७२ च्या करारातून अंग काढून घेण्याची नोटीस दिली आणि १३ जून २००२ रोजी करार संपुष्टात आला. लहान राष्ट्रांच्या आणि दहशतवाद्यांच्या क्षेपणास्त्रांची भीती हे कारण सांगण्यात आले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १४ जूनला, रशियाने १९९३ चा दुसरा कपात करार आपल्यावर बंधनकारक नसल्याचे जाहीर केले. त्या करारात कशावर बंदी होती? जमिनीवरील अनेकमुखी क्षेपणास्त्रांवर! एका ढालीच्या हौसेपायी त्या शस्त्रांवरील बंदी चोवीस तासांत गेली. १ मार्च २०१८ रोजी अध्यक्ष पुतिन यांनी ढालीला चकवणाऱ्या नव्या अस्त्रांची यादी वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी २००२ च्या याच घटनेकडे बोट दाखवले. ते बोट दाखवण्यात त्यांचा स्वार्थ होता हे उघड आहे; परंतु निमित्त कोणी पुरवले, हेही विसरता येत नाही. २ ऑगस्ट २०१९ रोजी १९८७ चा करार संपला. २०१० च्या करारानुसार तैनात अण्वस्त्रांवर १,५५० ची मर्यादा होती. त्याची मुदत एकदाच वाढवता येत होती, आणि ती वाढीव मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती.

आणि ढाल? अलास्का व कॅलिफोर्नियातील ४४ प्रतिक्षेपणास्त्रांचा निशाणा आधी ठरवून घेतलेल्या चाचण्यांतही अनेकदा चुकला आहे. तरीही मे २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी 'गोल्डन डोम' नावाच्या नव्या ढालीसाठी १७५ अब्ज डॉलरचा आकडा जाहीर केला. ज्या ढालीवर प्रजेने विसंबावे असे सांगितले जाते, तिच्यावर स्वतः सेनापतीही विसंबत नाहीत. विसंबतात ते ठेकेदार.

या सगळ्याचा अण्वस्त्रप्रसारबंदीशी थेट संबंध आहे. १९६८ च्या प्रसारबंदी कराराने जगाची दोन वर्णांत विभागणी केली. पाच राष्ट्रांनी अस्त्रे बाळगावीत, बाकीच्यांनी व्रत पाळावे. या विषमतेची भरपाई म्हणून सहाव्या कलमात पाचांनी निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी प्रामाणिकपणे करण्याचे वचन दिले. २००० च्या पुनर्विलोकन परिषदेत त्या वचनाची तेरा पावले ठरली. १९७२ चा करार जपणे आणि बळकट करणे हे त्यांतले एक होते. दोन वर्षांतच त्या पावलावर पाय देण्यात आला. लोकांना ब्रह्मज्ञान सांगून स्वतः कोरडे पाषाण राहणाऱ्यांचे व्रतवैकल्य जग किती दिवस ऐकणार? २०१५ आणि २०२२ च्या परिषदा एकमताच्या निवेदनाविना उठल्या. जुलै २०१७ मध्ये १२२ राष्ट्रांनी अण्वस्त्रबंदीच्या नव्या कराराला मत दिले, तेव्हा अण्वस्त्रधारी सारे बाहेर राहिले.

त्या बाहेर राहणाऱ्यांत भारतही होता. प्रसारबंदी करार पक्षपाती आहे, ही भारताची तक्रार रास्त होती. २८ जानेवारी १९८५ रोजी दिल्लीत सहा राष्ट्रांच्या नेत्यांनी अणुचाचण्या आणि अवकाशातील शस्त्रस्पर्धा थांबवण्याची हाक दिली, तेव्हा भारताच्या शब्दाला वजन होते. परंतु १९९८ नंतर भारत त्याच वाटेने चालू लागला. नोव्हेंबर २००६ मध्ये भारताने क्षेपणास्त्र हवेत पाडणाऱ्या यंत्रणेची चाचणी घेतली. जानेवारी २०१७ मध्ये पाकिस्तानने 'अबाबील' या अनेकमुखी क्षेपणास्त्राची चाचणी केली आणि शेजारच्या ढालीपुढे आपली अस्त्रे टिकावीत हाच हेतू सांगितला. ११ मार्च २०२४ रोजी भारताने अनेकमुखी 'अग्नी-५' सोडले. ग्लासबरोचे गणित उपखंडात अक्षरशः पुन्हा मांडले जात आहे. फरक इतकाच की, वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यामध्ये क्षेपणास्त्राला सुमारे अर्धा तास लागतो. लाहोर आणि अमृतसर यांच्यामध्ये अंतर आहे अवघे पन्नास किलोमीटरच्या आसपास.

मार्ग नाही असे मात्र नाही. परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत-पाकिस्तानांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. १९९२ पासून १ जानेवारीला केंद्रांच्या याद्या दिल्या-घेतल्या जाऊ लागल्या. कारगिलनंतरही ती प्रथा मोडली नाही. जमिनीवरून जमिनीवर मारा करणाऱ्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचणीची पूर्वसूचना देण्याचा करार २००५ मध्ये झाला. तीच पूर्वसूचना क्षेपणास्त्रविरोधी चाचण्यांनाही लावावी. ढालीच्या मर्यादेची आणि अनेकमुखी अस्त्रांच्या बंदीची बोलणी सुरू करावी. ही मागणी समाजवादी चळवळीने दोन्ही देशांत एकाच वेळी लावून धरली पाहिजे.

स्वीडनचे समाजवादी नेते ओलॉफ पाल्मे यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८२ मध्ये 'सामाईक सुरक्षितता' हा विचार मांडला. अणुयुगात कोणालाही शत्रूच्या विरोधात सुरक्षित होता येत नाही, त्याच्यासह व्हावे लागते, हे त्याचे सार. दिल्लीच्या हाकेवर सही करणाऱ्या सहांपैकी पाल्मे एक होते. त्यांची हत्या झाली त्या वर्षीच रेक्याविकला एका शब्दापाशी बोलणी अडली. तो शब्द ओलांडण्याचे काम अजून शिल्लक आहे. आणि ते केवळ राज्यकर्त्यांवर सोपवून चालणार नाही, कारण त्यांच्या ढालींचा खर्च जनतेच्या ताटातून जातो आणि त्या ढाली फुटतील तेव्हा मरणारीही जनताच असेल.