फिरतें औषधालय आणि आपला कायदा



औषधाचें दुकान हाकेच्या अंतरावर असणें ही गोष्ट दादरच्या किंवा सदाशिव पेठेच्या रहिवाशाच्या इतकी अंगवळणी पडलेली असते कीं, तिला सोय म्हणण्याचेंहि त्याला सुचत नाहीं. परंतु अक्राणी तालुक्यांतील एखाद्या पाड्यावर हीच सोय एका दिवसाची पायपीट होऊन बसते. आणि पर्लकोटा नदीला पूर आला कीं भामरागडच्या लोकांना ती पायपीटहि शक्य होत नाहीं. जेथें माणूस दुकानापर्यंत पोहोंचूं शकत नाहीं, तेथें दुकानानेंच माणसापर्यंत जावें, ही कल्पना कोणालाहि सुचण्यासारखी आहे. आपला कायदा तिला कितपत वाव देतो, याचा आज विचार करावयाचा आहे.

आपल्या कायद्यानें औषधविक्रीला दोन दाव्यांनीं बांधलें आहे. एक दावें जागेचें आणि दुसरें माणसाचें. हा बंदोबस्त उगाच केलेला नाहीं. १९३०-३१ मध्यें कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीनें देशांतील औषधांच्या बाजाराची पाहणी केली, तेव्हां भेसळीचा आणि हिणकस मालाचा सुळसुळाट तिच्या नजरेस आला. त्यांतून पुढें १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम निर्माण झाले. आजच्या नियमांप्रमाणें किरकोळ विक्रीच्या दुकानाला निदान १० चौरस मीटर जागा लागते. दोन ठिकाणीं विक्री करावयाची तर प्रत्येक ठिकाणाचा परवाना वेगळा काढावा लागतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तर नोंदलेल्या फार्मासिस्टनें स्वतः, किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालींच, दिलें पाहिजे. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमाचा रोखहि हाच आहे.

आतां मौज अशी कीं, याच नियमांच्या पोटांत एक फिरता विक्रेता बसलेला आहे! ज्याला ठराविक दुकान नाहीं, त्याला विशिष्ट प्रदेशापुरता परवाना देतां येतो, असें नियम ६२ सांगतो. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागांत, जेथें औषधें पोहोंचविण्याचा दुसरा मार्ग नाहीं, तेथें अपवाद म्हणून असा परवाना द्यावा, असें नियम ६२-अ मध्यें म्हटलें आहे. जागेची अट त्याला लागू नाहीं. म्हणजे पहिलें दावें सोडतां येतें, हें कायद्याला मान्यच आहे. ज्यांनीं हें कलम लिहिलें त्यांच्या डोळ्यांपुढें खेडें होतें, याबद्दल त्यांना धन्यवाद दिले पाहिजेत.

परंतु या विक्रेत्याच्या पेटींत असतें काय? ज्यांच्या विक्रीस जाणत्या माणसाची देखरेख लागत नाहीं अशींच औषधें, आणि तींहि मूळच्या वेष्टनांत. याच वृत्तीनें नियमांच्या 'के' परिशिष्टांत १,००० पेक्षां अधिक वस्ती नसलेल्या गांवांत पॅरासिटामॉल, मलम, मलमपट्टी यांसारखीं घरगुती औषधें विनापरवाना विकण्याची मुभा दिलेली आहे. डोकें दुखलें, हात भाजला, एवढ्यापुरतें हें ठीक आहे. आजचा खरा प्रश्न मात्र निराळा आहे. रक्तदाब, मधुमेह, अपस्मार या विकारांना औषध महिनोन् महिने, न चुकतां लागतें. नंदुरबार, गडचिरोली येथील आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेलचा आजार घ्या. १ जुलै २०२३ रोजीं केंद्र सरकारनें त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आरंभिली. या रोगाच्या वेदना ज्यानें कमी होतात तें हायड्रॉक्सियुरिया पुष्कळ रोग्यांना रोज घ्यावें लागतें. तें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून देतां येत नाहीं, आणि देऊंहि नये. कारण तें घेतांना अधूनमधून रक्त तपासावें लागतें. ज्या औषधाची दरी सर्वांत मोठी, नेमकें तेंच फिरत्या विक्रेत्याच्या पेटींतून वगळलेलें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, सरकारचीं फिरतीं वैद्यकीय पथकें आहेतच. आहेत, आणि त्यांचें काम मोलाचें आहे. नर्मदेच्या फुगवट्याच्या पाण्यांत तरंगता दवाखाना चालविणाऱ्या मंडळींचें कौतुक करावें तितकें थोडें. सरकारी दवाखान्याला विक्रीच्या परवान्यांतून सूट आहे. डॉक्टरालाहि आपल्या रोग्यास स्वतः औषध देतां येतें. परंतु यामुळें सारी गाडी डॉक्टरावर अडते. तो रजेवर गेला, त्याची बदली झाली, कीं फेरी बंद. आणि ज्याचें निदान गेल्या वर्षींच झालें आहे, ज्याला केवळ पुढील महिन्याच्या गोळ्या हव्या आहेत, तोहि तिष्ठत राहतो. एवढ्या कामाला डॉक्टर लागत नाहीं. चांगला फार्मासिस्ट पुरतो.

माझ्या मतें येथेंच कायद्यांत भर घालावयास हवी. दुसरें दावें तोडूं नये, तें गाडीला बांधावें. नोंदलेला फार्मासिस्ट गाडींत असलाच पाहिजे. गाडी एखाद्या परवानाधारक दुकानाशीं किंवा रुग्णालयाशीं जोडलेली असावी. तिचा मार्ग आणि वार ठरलेले असावेत, म्हणजे निरीक्षकाला ती सांपडेल आणि रोग्यालाहि. मे महिन्यांत पत्र्याच्या गाडींत औषधें भाजून निघतात, हा आक्षेप खरा आहे. इन्शुलिनचा सांठा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्यें ठेवावा लागतो, आणि तें गोठलें तर निरुपयोगी होतें. म्हणून शीतपेटी आणि तपमानाची रोजची नोंद या परवान्याच्या अटीच असाव्यात. शहरांतील दुकानांतहि ही नोंद कितपत ठेवली जाते, तें एकदां पाहण्यासारखें आहे.

कायदा वांकत नाहीं असें नाहीं. मार्च २०२० मध्यें महामारीच्या काळांत केंद्र सरकारनें आदेश काढून औषधें घरपोंच देण्याची परवानगी दिली, ती चार दिवसांत अंगवळणी पडली. शहरासाठीं जें घडलें, तें पाड्यासाठीं घडण्यास अडचण कोणती?

शेवटीं एक बारीकशी बाब. डॉक्टरांनीं चिठ्ठीवर तसें लिहिलें नसेल, तर तिच्यावर औषध एकदांच देतां येतें. म्हणून पावसाळ्यापूर्वींच्या तपासणींतच डॉक्टरांनीं औषध किती वेळां द्यावयाचें तें स्पष्ट लिहिलें पाहिजे. आणि ज्यांना रक्ततपासणीची गरज नाहीं, अशांना जूनच्या फेरींतच सप्टेंबरपर्यंतच्या गोळ्या दिल्या पाहिजेत. त्यासाठीं नव्या कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.