कंपवातावरील औषधें

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं वर्णिलेला रोग मराठींत कंपवात म्हणून ओळखला जातो. मेंदूंतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी त्यांत हळूहळू नाश पावतात. हात कांपतो, पाऊल अडखळतें, अक्षर बारीक होत जातें. गेलेल्या पेशी परत आणणारें औषध अद्याप नाहीं. लक्षणें आटोक्यांत राहतात, एवढेंच. पण ज्याला त्यामुळें स्वतःच्या हातानें घांस घेतां येतो, त्याच्या लेखीं तें थोडें नव्हे.

डोपामिन पोटांत घेऊन उपयोग नाहीं; रक्तांतून तें मेंदूंत शिरत नाहीं. त्याचें पूर्वरूप लेव्होडोपा मात्र शिरतें. तें वाटेंतच खर्ची पडून मळमळ होऊं नये म्हणून सोबत कार्बिडोपा देतात. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतें खरें, परंतु त्याचें प्रमाण सारखें नसतें. घरगुती चूर्णावर विसंबणें धोक्याचें.

गोळीची वेळ सांभाळणें हें घरच्या मंडळींचें काम. डाळ, दूध, मांस यांतील प्रथिनें लेव्होडोपाची वाट अडवितात. म्हणून गोळी सामान्यतः जेवणापूर्वीं अर्धा-एक तास घेतात. कांहीं वर्षांनीं तिचा अंमल लौकर ओसरूं लागतो, किंवा अंगाला अनावर हेलकावे येतात. मग मात्रा विभागणें, अमांटाडिन जोडणें असे उपाय वैद्य योजतात. प्रामिपेक्सोलनें कांहींना जुगाराची वा खरेदीची विलक्षण ओढ लागते. लाजेनें ती लपविली जाते, आणि दोष औषधाऐवजीं स्वभावाला दिला जातो! ट्रायहेक्सिफेनिडिल कंपाला बरें, परंतु वृद्धांना त्यानें भ्रम होऊं शकतो. लेव्होडोपा एकाएकीं बंद करूं नये. तीव्र ताप, ताठरपणा, शुद्ध हरपणें इथपर्यंत पाळी येते. रोगी दुसऱ्या कारणानें रुग्णालयांत दाखल होतांना गोळ्यांच्या वेळा लिहून सोबत द्याव्या.