हजेरीपटावर नसलेली मुलगी



बँकेतून निवृत्त झाल्यावर मी एम.ए.ला इतिहास घेतला, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आमच्या विभागातले विद्यार्थी स्वतःच एक संशोधनपत्रिका चालवतात आणि तिच्या संपादक मंडळात त्यांनी मला घेतले, ही बातमी मात्र नवी. मंडळात सहा जण. पाच जण बाविशीच्या आसपासचे, सहावे ‘काका’.

आलेल्या लेखावरचे नाव झाकून तो दोन परीक्षकांकडे जातो. त्यांचे शेरे आले की आम्ही एकेक तळटीप तपासतो. पहिल्याच आठवड्यात शिवजन्माची तिथी हाताशी आली : फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. लेखकाने सरसकट ७८ मिळवून १६२९ लिहिले होते. पण फाल्गुन येतो तो इंग्रजी वर्ष उलटल्यावर, म्हणून तिथे ७९ मिळवायचे. साल होते १६३०. जन्मभर व्याजाचे दिवस मोजलेल्या माणसाला हे काम आवडणारच.

पण आज सांगायचे आहे ते एका मुलीच्या लेखाबद्दल. विषय १९७२चा दुष्काळ. तिची आजी बाराव्या वर्षी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. आई बाळंतीण, म्हणून आईच्या नावावर ही जायची. गावातल्या एका घरी जुन्या हजेरीपटाची काही पाने सापडली. त्यांत आईचे नाव होते, आजीचे अर्थातच नव्हते. एका परीक्षकाने शेरा मारला : कागदाचा आधार नाही, हा भाग गाळावा. आमच्यातल्या तिघांनाही तसेच वाटत होते.

मी अडून बसलो. आपण तेव्हा पाचवीत होतो. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी कोण विसरेल? ती आजी म्हणजे आपल्यापेक्षा एखादी इयत्ता पुढची मुलगी. तरीही ‘मला आठवतंय’ हा काही पुरावा होत नाही, हे त्या पोरांनी मला स्पष्ट ऐकवले. बरोबरच होते त्यांचे.

मग आजीच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागवला. आधी धाकट्या भावाची जन्मतारीख पाहिली, तर ती १ जून! (सर, रागावू नका, पण आपल्या वर्गातही निम्म्यांचे वाढदिवस त्याच दिवशी येतात.) ती नोंद निरुपयोगी ठरली. पण आजीच्या नावापुढे शाळा सोडल्याचा महिना होता जानेवारी १९७३, कारण ‘सतत गैरहजर’. आणि हजेरीपटावर आईचे नाव सुरू होते त्याच महिन्यापासून.

यावरून आजी कामावर होती हे सिद्ध होते का? नाही. आमचा वाद तीन आठवडे चालला. शेवटी हजेरीपट काय म्हणतो, रजिस्टर काय म्हणते आणि आजी काय म्हणते, हे तिन्ही वेगवेगळे छापले. कुठला धागा कुठे जुळतो आणि कुठे सुटतो, तेही लिहिले. तळटीप मूळ परिच्छेदापेक्षा लांब झाली. परीक्षकांनी ती मान्य केली. नातीने अंक वाचून दाखवला तेव्हा आजीने एवढेच विचारले, “नाव माझं लिहिलंस ना, आईचं नाही?”

आपल्या वर्गातूनही त्या वर्षी काही नावे कमी झाली होती. पाचवीचे रजिस्टर पाहू द्यावे, असा अर्ज मी मुख्याध्यापकांकडे दिला आहे. कोण, कोणत्या वाडीचे, दिवाळीच्या आधी गेले की नंतर, जे आठवेल ते जेवणानंतर मला सांगा. मी वही आणली आहे.