सुट्टीतलं मैदान मुलींचंही

आमच्या कन्हानला मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. शाळा बंद. मुलगे संध्याकाळी मैदानावर. मुली भांड्यांशी, नाहीतर मोबाइल आणि पाच रुपयांच्या पाकिटाशी. 'पाळी आली, आता खेळ पुरे' हे मी बौद्ध घरात ऐकलं, मुस्लिम घरातही. मग लठ्ठपणाचा दोष पुन्हा पोरीलाच! ५ ते १७ वयात रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती करायची कुठे? विजय बारसेंनी २००१ साली नागपुरात वस्तीतल्या मुलांना फुटबॉल दिला. आपण सकाळी सहा ते सात मैदान मागू. लंगडी, खो-खोला खर्च नाही. कुणाला 'जाडी' म्हणायचं नाही, वजनकाटाही नको. आया सोबत बसतील. खेळल्या तर उत्तमच. नगर परिषदेसाठी अर्ज आणलाय, सह्या करा.